मागच्या शिवणीतलं कापड

मास्तरांच्या पँटी कधी सैल झाल्याच नाहीत, सगळा घोळ तिथेच झाला.

तुमचं-आमचं वजन उतरलं की आधी पँट बोंब मारते. कमरेवरून घसरते, चारचौघांत वर ओढावी लागते, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडावं लागतं. मग घरचे म्हणतात, अरे, हा खंगला की! पण मास्तर पडले शिंपी. पँट जरा म्हणून सैल वाटली की दुपारी गिऱ्हाईक नसताना ती उलटी करायची, मागच्या शिवणीवर खडूने रेघ ओढायची, मशीनवर एक सरळ शिवण मारायची आणि पुन्हा चढवायची. जणू काही झालंच नाही. वर्षानुवर्षं माणूस आतून झिजत गेला आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसली ती अंगासरशी बसलेली पँट. शिंपी स्वतः नीटनेटका राहिला नाही तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेल का, हा त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर नव्हतं आणि काकूंना ते उत्तर शोधायची गरजही कधी वाटली नाही.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक पडदा. मास्तर पुढे कापायचे, शिवायचे. काकू मागे बसून काज, बटण, तुरपाई करायच्या. गल्ली एकाला मास्तर म्हणे, दुसरीला काकू. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, ती फोनवर असे. असा हा संसार. त्यात खाण्यापिण्याला कधी कमी पडलं नव्हतं, हे काकू पुढे जो भेटेल त्याला सांगत सुटल्या, कारण नवरा असा काडीसारखा झाला की लोक आधी बायकोच्या स्वयंपाकघराकडे बघतात.

छातीचा आजार जुना होता. तरुणपणी मशीनच्या कडेला सतत सिगारेट जळत असायची. इतक्या वर्षांत एका कापडाला भोक पडलं नाही, एवढी हाताची सफाई. पडायची ती भोकं आत पडत होती. सिगारेट सुटली तोवर फुफ्फुसांनी हात टेकले होते. जिना चढताना थांबायचं, बोलता बोलता थांबायचं. माप घेता घेता मास्तर टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहत, आणि गिऱ्हाईकाला वाटे, मास्तर आकडा आठवतायत.

तेव्हा ते चांगले गोल होते. डॉक्टर म्हणाले होते, वजन जरा कमी करा, दम कमी लागेल. मास्तरांनी डॉक्टरांची बाकी कुठलीच गोष्ट ऐकली नाही. सकाळ-संध्याकाळ फिरा म्हणाले, फिरले नाहीत. औषधाचा पंप रोज ओढा म्हणाले, बरं वाटलं की पंप फळीवर. पण हे एक वाक्य मात्र त्यांनी दागिन्यासारखं जपलं. आणि वजन आपलं आपण उतरायला लागलं तेव्हा ते कोण खूश! कष्ट नाहीत, पथ्य नाही, फुकटात काम झालं. काकूंनीही तोंडभर कौतुक केलं. "पोट गेलं हो तुमचं! लग्नातल्यासारखे दिसायला लागलात." हे वाक्य त्यांना नंतर इतकं टोचलं, इतकं टोचलं, की पुढे लग्नाच्या फोटोसमोरून जाताना त्या मान फिरवून जायच्या.

समोरचा किराणा दुकानदार तर मास्तरांच्या मागेच लागला होता. त्याची पँट दर वर्षी मोठी करायला यायची. "मास्तर, गुपित सांगा की! मी सकाळी गरम पाणी पितो, दुपारी काकडी खातो, आणि माझं पोट माझ्या आधी दुकानात पोचतं. तुम्ही काय केलंत?" मास्तर गालात हसत. सांगतायत काय, कपाळ! जेवण चालत नव्हतं, हे सांगायचं? पण दुकानदार हेवा करतोय म्हटल्यावर माणसाला आपला आजारही कर्तबगारी वाटायला लागतो.

मग थंडी संपता संपता एक साधा सर्दी-खोकला आला. बाकीच्यांना येतो, जातो. मास्तरांना तो थेट दवाखान्यात घेऊन गेला, नाकाला नळी लावून त्याने चांगलं झोपवून ठेवलं. तिथे त्यांना पातळ झगा घातला, शिंपीकाम नावालाही नसलेला, मागून बंदांनी बांधायचा, आणि काकूंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला त्याने न शिवलेल्या कपड्यात पाहिलं. खांद्याची हाडं हँगरसारखी वर आलेली. मांडी कुठे, गुडघा कुठे, कळेना.

डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या होत्या, पण वजनाचा आकडा बघून त्यांचं हसू गेलं. "हे इतके खाली कसे आले?"

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं," मास्तर नळीआडून अभिमानाने म्हणाले. "वजन कमी करा म्हणून."

"कधी सांगितलं होतं?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. मुलगी तेव्हा शाळेत होती.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग काकूंना बाजूला बसवून त्यांनी नीट समजावलं. आपण श्वास घेतो ते आपल्याला कळतही नाही, पण यांना प्रत्येक श्वासासाठी मेहनत करावी लागते. दिवसभर ओझं वाहणाऱ्या माणसाएवढं यांचं शरीर नुसतं बसल्या बसल्या जाळतं. तेवढं पोटात गेलं नाही की शरीर स्वतःचं मांस खातं, आणि त्यात छातीचे स्नायूही आले, ज्यांनी श्वास ओढायचा तेच. "अंगावर थोडं तरी मांस हवं. पुढच्या थंडीच्या आत वजन वर आलं पाहिजे. या अंगाने आणखी एक असा झटका त्यांना झेपायचा नाही."

पुढची थंडी किती महिन्यांवर आहे, ते काकूंनी बोटांवर मोजलं.

नंतर नर्स आली. तिनेही बरंच सांगितलं. एकदम पोटभर नको. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. जेवायच्या आधी जरा विसावा घ्यायचा, पंप ओढायचा. टेबलावर कोपरं टेकून, पुढे वाकून बसायचं. जे खातील त्यात लोणी, अंडं, दूध, शेंगदाणे घालायचे, म्हणजे घास लहान आणि ताकद जास्त. काकू हो हो म्हणाल्या. मनात म्हणाल्या, वाटीभर खाऊन कुठे अंगाला लागतं का? ही मुलगी भातुकली शिकवतेय की संसार? त्यांनी चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकलेला. त्यांच्या लेखी जेवण म्हणजे ताट, आणि ताट म्हणजे भरलेलं ताट.

घरी आल्या त्या कंबर कसूनच. सकाळी ताट, दुपारी ताट, रात्री ताट. भाताचा डोंगर, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला दोन अंडी, मासा, बटाटे, आणि हे संपेपर्यंत समोर बसलेल्या काकू. मास्तर दोन घास खात, पाणी पीत, ताटातल्या भाताला उगाच इकडून तिकडे करत. मग म्हणत, "ठेव. नंतर खातो."

"नंतर म्हणजे कधी? मी मेल्यावर?"

"अगं, भूक नाही."

"तुम्हाला भूक नाही, मला झोप नाही! जिवाचं पाणी करून रांधायचं आणि तुम्ही भाताला नुसती फिरवाफिरव करायची. खा म्हणते ना!"

मास्तर एक घास घेत. चावत, थांबत, श्वास घेत, पुन्हा चावत. तो एक घास खाली जाईपर्यंत काकूंचा पारा वर चढलेला असे. भांडून भांडून दोघंही दमत, आणि दमलेल्या मास्तरांना तर आणखीच जेवण जात नसे. उरलेलं सगळं काकू रागारागाने स्वतः खात. अन्न टाकायची सवय नाही. त्यामुळे घरात वजन वाढत होतं, यात वाद नाही. फक्त चुकीच्या माणसाचं.

त्यात मास्तरांची थोरली बहीण यायची. तिला सगळे ताई म्हणत. ताई दारातून आत यायच्या आधीच तिचं तोंड आत यायचं.

"काय गं हे! माझा भाऊ कसा होता आणि काय करून ठेवलास! खायला घालत नाहीस का त्याला?"

"घालते ना, ताई. ते खात नाहीत."

"माझ्याकडे आला की दोन वेळा मागून घ्यायचा."

"तेव्हा ते बारा वर्षांचे होते," काकू म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला बसल्या, कारण आणखी काही म्हटलं असतं तर ते दोघींनाही आयुष्यभर विसरता आलं नसतं. ताई तासभर सल्ले देऊन, काकूंनी मास्तरांसाठी उकडलेली दोन्ही अंडी खाऊन निघून गेली.

मग एके दुपारी मास्तरांच्या तपकिरी पँटचं मागचं बटण तुटलं. ती काकूंकडे आली. बटण लावायला त्यांनी पँट उलटी केली आणि बोट मागच्या शिवणीवरून फिरवलं. सवयच ती. बोट थांबलं.

शिवणीला शेजारी शेजारी सुईच्या जुन्या भोकांच्या रांगा होत्या. एक उसवून दुसरी, दुसरी उसवून तिसरी, प्रत्येक आधीच्यापेक्षा आत. प्रत्येक रांग म्हणजे मास्तरांची एकेक कंबर. काकूंना आधी स्वतःचाच राग आला: हीच पँट आपण कितीदा धुतली, कितीदा वाळत घातली, आपल्या डोळ्यांच्या काय खाचा झाल्या होत्या? पण त्यांचा जीव खरा खालीवर झाला तो त्यानंतर. शिवणीच्या आत जे कापड असायला हवं होतं ते नव्हतंच. कात्रीने सरळ रेषेत कापून टाकलेलं.

शिंप्याच्या घरात असं कोणी करत नाही. पँटच्या मागच्या शिवणीत जास्तीचं कापड सोडायचंच. त्याला दुकानात मार्जिन म्हणत. माणूस आज बारीक आहे, उद्या भरेल, तेव्हा पँट उसवून मोठी करता आली पाहिजे. नवीन कारागीर आला की मास्तर त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत. "गिऱ्हाईक हाडं घेऊन आलं तरी मार्जिन कापायचं नाही. माणूस परत भरतो." आणि याच माणसाने स्वतःच्या पँटचं मार्जिन कापून टाकलं होतं. म्हणजे याला पक्कं ठाऊक होतं की आपण आता परत भरणार नाही. ठरवून, खडूने रेघ मारून, कात्री चालवून मोकळा झाला होता हा.

काकू पडदा बाजूला सारून पुढे आल्या त्या वादळासारख्या. किराणा दुकानदार पँट घेऊन उभा होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"हे काय आहे?"

मास्तरांनी पँट पाहिली. "बटण लावलंस?"

"मार्जिन कुठाय?"

"अगं, फार कापड झालं होतं आत. मागून फुगीर दिसत होतं."

"फुगीर! कोण बघतं हो तुमच्या मागे? या दुकानदाराच्या मागे बघा, तिथे जाऊन फुगीर म्हणा!" दुकानदार जागच्या जागी आक्रसला. "आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंत, मार्जिन कापायचं नाही. स्वतःचं कापलंत? मला विचारलंत? मी कोण आहे या घरात, काज-बटण करणारी?"

टेबलावर हात टेकून मास्तर श्वास गोळा करत राहिले. दुकानदार आपली पँट तिथेच ठेवून, उद्या येतो म्हणून, निघून गेला. त्यानंतर त्याने वजन कमी करायचं गुपित कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून काकूंनी फर्मान काढलं. मास्तरांच्या कपड्याला मास्तरांचा हात लागायचा नाही. तपकिरी पँट बाद. राखाडी पँटचं मार्जिन अजून शाबूत होतं. काकूंनी ती मागून पूर्ण उसवली, जुन्या मापावर आणली आणि त्यांच्या अंगावर फेकली. "ही घाला. पट्टा बांधा. लोक हसू देत. ही अंगाला बसेपर्यंत खायचं." पँट मास्तरांच्या अंगावर पोत्यासारखी लोंबू लागली. गिऱ्हाईक आधी मास्तरांच्या पँटकडे बघे, मग दुकानाच्या पाटीकडे बघे. मास्तर मेल्याहून मेल्यासारखे होत. काकूंना वाईट वाटे, पण त्यांनी मन घट्ट केलं. लाज वाटली तरी चालेल, खाल्लं पाहिजे.

आणि औषध लागू पडलं! महिनाभरात पँट जराशी भरली. आणखी थोड्या दिवसांनी पट्टा एक भोक सैल झाला. काकू रोज मागची शिवण तपासत होत्या. तिथे नवीन टाका नाही. म्हणजे माणूस भरतोय! ताट तर अर्धं तसंच परत येत होतं, पण काकू म्हणाल्या, लागतंय, खाल्लेलं लागतंय. मुलीला फोन झाला. ताईला तर दोनदा झाला. काकू त्या दिवसांत मास्तरांशी चक्क गोड बोलायला लागल्या, आणि मास्तर त्या गोड बोलण्याने का कोण जाणे, आणखीच गप्प झाले.

तपासणीच्या दिवशी काकू नटून गेल्या. मास्तर काट्यावर चढले. नर्सने आकडा पाहिला, कागदावरचा जुना आकडा पाहिला, आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"कमी झालंय, काकू."

"छे! वाढलंय. बघा ना, पँट कशी बसलीय."

"मागच्यापेक्षा कमी आहे."

"मग तुमचा काटा बिघडलाय!" काकू गरजल्या. "इथे एवढी माणसं रोज चढतात, बिघडेल नाहीतर काय होईल?" त्या स्वतः काट्यावर चढल्या. काट्याने त्यांचं वजन, वाढीसकट, अगदी खरं खरं सांगितलं. त्या खाली उतरल्या. मास्तर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते.

घरी आल्याबरोबर काकूंनी दार लावलं आणि म्हणाल्या, "पँट काढा."

"अगं, आता..."

"काढा म्हणते ना!"

मागची शिवण जशीच्या तशी होती. काकूंनी पँट उलटी केली आणि बाजूच्या शिवणी पाहिल्या, खिशाखाली, जिथे कोणी बघत नाही. तिथे हातशिलाई होती. बारीक, एकसारखी, कापडाच्या रंगाच्या दोऱ्याने घातलेली. गल्लीत असा टाका दुसऱ्या कोणाचा नव्हता. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, आठवड्या-आठवड्याने आत घेतलेलं, म्हणजे बायकोला वाटावं की माणूस आत भरतोय.

काकूंनी पँट टेबलावर ठेवली आणि खाली बसकण मारली. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण रडूच आलं. त्यांना स्वतःच्या रडण्याचाही राग आला. "मला फसवलंत? मला? मी ताईला दोनदा फोन केला!"

मास्तर स्टुलावर बसले.

"तू ताट घेऊन येतेस ना," ते म्हणाले, "ते दिसलं की आधी छाती आवळते. दोन घास गेले की पोट वर येतं, श्वासाला जागाच उरत नाही. पाण्यात कोणी डोकं दाबून धरावं तसं होतं. तू समोर बसतेस. खा, खा म्हणतेस. मी खात नाही, बुडतो."

"मग बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं का?"

"तू एवढं करतेस. तुला काय सांगू, तुझ्या जेवणाची भीती वाटते म्हणून?"

आपण रोज तीन वेळा या माणसाला भाताच्या डोंगराखाली गाडत होतो, हे काकूंच्या डोळ्यांपुढे आलं. ती नर्स सांगत होती. थोडं थोडं. कोपरं टेकून. आधी विसावा. सगळं सांगितलं होतं तिने, आणि आपण हो हो म्हणालो होतो. काकूंनी डोळे पुसले आणि मग त्यांना पुन्हा राग आला, कारण रागावल्याशिवाय त्यांना काही करताच येत नसे.

"आणि ती पँट शिवताना दम लागला नाही तुम्हाला? तेवढी ताकद कुठून आली?"

"शिवताना बसूनच असतो की," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ताट बंद झालं. ताटाऐवजी वाटी आली, तीही लहान. काकूंना वाटी बघून रडू यायचं, जणू घरात दुष्काळ पडला आहे. पण वाटीत काय नसायचं! मऊ भातात लोणी, लोण्यात अंडं, दुधात केळं आणि वर शेंगदाण्याचा कूट. वाटी थेट कापायच्या टेबलावर जायची, कारण तिथेच मास्तरांना कोपरं टेकून वाकून बसायची आयुष्यभराची सवय. आधी पंप, मग जरा शांत, मग वाटी. काकू समोर बसायच्या नाहीत. पडद्याआड बसून तुरपाई करायच्या आणि चमच्याचा आवाज मोजायच्या. आवाज थांबला की त्यांचा हात थांबे. पण पडदा त्या बाजूला सारायच्या नाहीत. हे त्यांना बत्तीस काज करण्यापेक्षा जड जात होतं.

तरी भांडणं काही थांबली नाहीत. मास्तरांना लोण्याचा कंटाळा आला, मग अंड्याचा वास आला, मग ते म्हणाले, दर दोन तासांनी वाटी, मी काय पाळण्यातलं पोर आहे? "पोर बरं!" काकू पडद्याआडून ओरडल्या. "पोर निदान रडून सांगतं!" ताई आली, वाटी बघून म्हणाली, एवढंच? काकूंनी तिला पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, "एवढंच. आणि ही अंडी त्यांची आहेत." ताई त्या दिवशी लवकर गेली.

पुढच्या तपासणीला काटा तसूभर वर सरकला. अगदी थोडा. नर्स म्हणाली, चांगलंय. काकू म्हणाल्या, "एवढंसं?" त्यांना मनातून नाचावंसं वाटत होतं, पण एकदा फसलेल्या माणसाने पटकन नाचू नये. परत येताना त्यांनी काट्याकडे वळून पाहिलं, पुन्हा बिघडतो की काय म्हणून.

सकाळी खिडकीच्या काचेवर धुकं बसायला लागलं, तेव्हा मास्तरांनी फळीवरून जाड कापडाचा एक तुकडा काढला. राखाडी पँट विटली होती, काकूंनी ती बाजूंनी उसवून पुन्हा मोठी करून ठेवली होती आणि पट्टा अजून आतल्या भोकातच होता. "थंडीला एक शिवतो," मास्तर म्हणाले. काकूंच्या कपाळावर आठी उमटली. "मापावर शिवा. माझ्या डोळ्यांसमोर." मास्तरांनी टेप घेतला, स्वतःच्या कमरेला लावला. काकूंनी आकडा स्वतः वाचला. खोटं नव्हतं, माप बारीकच होतं. मास्तर कापायला लागले, मध्ये थांबले, वाटी संपवली, पुन्हा कापायला लागले. काकू मागे गेल्या.

दोन दिवसांनी पँट त्यांच्याकडे आली, तुरपाईला. काकूंनी चष्मा लावला, पँट उलटी केली आणि सवयीने मागच्या शिवणीवर बोट फिरवलं. शिवण सरळ होती. आत कापड होतं. नुसतं होतं असं नाही. दोन्ही बाजूंना चांगलं तीन-तीन बोटं होतं, कडा नीट दुमडून टाकलेल्या. एवढं मार्जिन मास्तरांनी वाढत्या वयाच्या पोरांनाही कधी सोडलं नव्हतं. किराणा दुकानदारालाही नाही.

काकू पडद्याआडून ओरडल्या, "अहो! एवढं कापड आत कशाला घातलंत? मागून फुगीर दिसेल ना!"

पुढून आधी श्वास आला, मग चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज.

"दिसू दे," मास्तर म्हणाले. "लागेल."